मेंटेनन्सच्या बिलातला आकडा: कुठे काढायचा आणि कधी गोठवायचा

समोर बसलेल्यांपैकी निम्मे सोसायट्यांचे सचिव-खजिनदार आहेत आणि निम्मे आयटीतले. काही जण दोन्ही आहेत, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. (हशा) ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हे ठरलेलंच असतं. एखाद्याची नोकरी आयटीत आहे असं कळलं, की पुढच्या सर्वसाधारण सभेत बिलांचं सॉफ्टवेअर त्याच्या गळ्यात पडतं. तो बिचारा दोन शनिवार-रविवार बसून काहीतरी उभं करतो. पहिली सहा महिने कौतुक होतं. नंतर एक दिवस कोणीतरी विचारतं, "अहो, माझ्या डिसेंबरच्या बिलात तेव्हा वेगळा आकडा होता, आता वेगळा कसा दिसतो?" आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

आधी शब्द स्पष्ट करू. डेटाबेसवर चालणारं अ‍ॅप्लिकेशन म्हणजे खाली टेबलं आणि वर फॉर्म. फॉर्ममधले काही रकाने माणूस भरतो: फ्लॅट नंबर, नाव, नळ किती, गाडी आहे का. काही रकाने कोणी भरायचे नसतात, ते बाकीच्या रकान्यांवरून निघतात: पाण्याचा वाटा, एकूण बिल, थकबाकी, व्याज. या दुसऱ्या प्रकाराला कॉम्प्युटेड फील्ड म्हणतात. उदाहरणासाठी मी ऑरॅकल अ‍ॅपेक्स घेतोय. हे साधन २००४ साली एचटीएमएल डीबी या नावाने आलं. ब्राउझरमध्येच बसून टेबलं करायची, त्यांवर फॉर्म आणि रिपोर्ट बसवायचे, कोड कमीत कमी लिहायचा, अशी त्याची पद्धत आहे. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, पण अडचणी याच येतील.

आता बिल घेऊ. डोंबिवली पूर्वेला २४ फ्लॅटची एक सोसायटी आहे असं समजा. हिशोब कसा करायचा हे आदर्श उपविधींनी सांगितलंय, आणि गंमत अशी की प्रत्येक ओळीचा नियम वेगळा आहे. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, कार्यालयाचा खर्च, हे सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटायचं. महिन्याचा खर्च ४३,२०० असेल तर भागिले २४, प्रत्येकी १,८००. इथे फ्लॅटचा आकार बघायचा नाही. वन आरकेवाला आणि टू बीएचकेवाला दोघांनाही तेवढंच. यावर सभेत भांडणं होतात, पण नियम तोच. पाणीपट्टी मात्र नळांवर. उपविधींत नळांची संख्या आणि आकार असं म्हटलंय. आपण सोपं करू, सगळे नळ एकाच मापाचे. ९,६०० रुपये बिल आणि १२० नळ, म्हणजे नळामागे ८०. पाच नळांच्या फ्लॅटला ४००. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. बांधकाम खर्च फ्लॅटमागे सहा लाख धरला तर महिन्याला सिंकिंग फंडाचे १२५ आणि दुरुस्तीचे ३७५. चारचाकीचं पार्किंग सभेने ठरवलं ३००. बेरीज करा: १,८०० अधिक ४०० अधिक १२५ अधिक ३७५ अधिक ३००. बरोबर ३,०००. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क. त्याला २००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. दहा टक्के सेवाशुल्काच्या, अख्ख्या बिलाच्या नाहीत! १,८०० चे १८०. ३,००० चे ३०० लावले तर ते चूक. कितीतरी ठिकाणी फॉर्म्युला चुकीच्या रकान्याला जोडलेला असतो आणि भाडेकरू ठेवणारा सभासद वर्षानुवर्षं जास्त भरत असतो.

म्हणजे एका बिलात पाच-सहा कॉम्प्युटेड फील्ड आली. आयटीवाल्याचं मन इथे लगेच म्हणतं, काय अवघड आहे, फॉर्म्युला लिहू. फॉर्म्युला अवघड नाहीच. प्रश्न हा आहे की हा आकडा काढायचा केव्हा, आणि एकदा काढल्यावर उद्याला तो बदलायचा हक्क आहे का?

सेवाशुल्क १ एप्रिलपासून १,८०० वरून २,००० झालं. तुम्ही दरांच्या टेबलात २,००० लिहिलेत. आता गेल्या डिसेंबरचं बिल उघडलं तर काय दिसलं पाहिजे? १,८०० च. तेव्हा सभासदाला कागद १,८०० चा दिला, त्याने चेक १,८०० प्रमाणे दिला. पण तुमचा रकाना बघण्याच्या क्षणी दरांच्या टेबलातून हिशोब करत असेल, तर डिसेंबरचं बिल २,००० ने उघडेल आणि प्रत्येक सभासदाच्या नावावर २०० रुपये थकबाकी तयार होईल. कोणी काही केलं नाही. फक्त दर बदलला.

यातलं ठळक उदाहरण जीएसटीचं. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांतले लोक इथे असतील, त्यांना हे पाठ असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा महिन्याला सभासदामागे ५,००० पर्यंतच्या मेंटेनन्सला सूट होती. २५ जानेवारी २०१८ पासून ती मर्यादा ७,५०० झाली. शिवाय सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तरच हा विषय येतो. तर डिसेंबर २०१७ चं ६,००० चं बिल घ्या. तेव्हा त्यावर १८ टक्के, म्हणजे १,०८० कर होता. सभासदाने भरला, सोसायटीने सरकारात भरला. तुमच्या फील्डमध्ये "रक्कम ७,५०० पेक्षा जास्त असेल तर कर, नाहीतर शून्य" एवढाच फॉर्म्युला असेल, तर आज ते जुनं बिल उघडल्यावर कर शून्य दिसेल. सभासद म्हणेल, माझे १,०८० परत द्या. लेखापरीक्षक म्हणेल, विवरणपत्रात कर आहे आणि बिलात नाही, हे काय?

आणि मर्यादेपुरतंच हे नाही. ७,५०० ओलांडल्यावर कर कशावर, यावरही मत बदललं. २२ जुलै २०१९ च्या परिपत्रकाने सांगितलं, मर्यादा ओलांडली की सगळ्या रकमेवर. जुलै २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, फक्त वरच्या रकमेवर. ७,६०० च्या बिलाला पहिल्या हिशोबाने १,३६८ रुपये कर, दुसऱ्या हिशोबाने १८ रुपये. तुमच्या सोसायटीने कोणता हिशोब धरायचा ते सीएला विचारा, मी सांगणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की हिशोबाची पद्धतच बदलू शकते, आणि जुन्या बिलाला तिचा वाराही लागता कामा नये.

म्हणून मी कॉम्प्युटेड फील्डचे दोन ढीग करतो. एक जिवंत आकडे. आज थकबाकी किती, आज ना-देय प्रमाणपत्र मागितलं तर किती भरावं लागेल, या महिन्यात किती जणांनी पैसे दिले. हे कधीच साठवू नयेत. विचारलं की काढावेत. दुसरे गोठलेले आकडे. बिल निघालं त्या दिवशीची प्रत्येक ओळ, तिचा दर, तिचा कर. हे एकदा काढावेत, लिहून ठेवावेत आणि पुन्हा त्यांना हात लावू नये. गोंधळ होतो तो जिवंत आकडा साठवल्याने किंवा गोठलेला आकडा दर वेळी नव्याने काढल्याने. थकबाकी सभासदाच्या टेबलात एका रकान्यात साठवणारे आणि प्रत्येक पावतीला तो रकाना कमी-जास्त करणारे खूप आहेत. एक पावती रद्द झाली, रकाना दुरुस्त करायचा राहिला, की संपलं. बिलांची बेरीज एक सांगते, रकाना दुसरंच सांगतो. मग खजिनदार वही काढतो.

आणि फक्त आकडेच कॉम्प्युटेड असतात असं समजू नका. नावही असतं. बिलावर सभासदाचं नाव कुठून येतं? फ्लॅट नंबरवरून सभासदांच्या टेबलातून. कल्याणच्या एखाद्या इमारतीतला फ्लॅट विकला गेला, टेबलात नवं नाव आलं. आता तीन वर्षांपूर्वीचं बिल पुन्हा छापा. त्यावर नव्या मालकाचं नाव! ज्या बिलाच्या वेळी तो त्या गावातही नव्हता, ते बिल त्याच्या नावावर. तेव्हा बिल काढताना नाव, नळांची संख्या, बांधकाम खर्च, दर, हे सगळं बिलाच्या ओळीत उतरवून ठेवा. नुसतं "पाणी ४००" नको. "नळ ५, दर ८०, रक्कम ४००" असं हवं. जागा वाया जाते म्हणाल, तर २४ फ्लॅटच्या सोसायटीची वीस वर्षांची बिलंसुद्धा तुमच्या मोबाइलमधल्या एका व्हिडिओपेक्षा कमी जागा घेतील.

आता अ‍ॅपेक्समध्ये हा आकडा बसवायला जागा कोणत्या, ते पाहू. चार आहेत, आणि चारही जागा मोहात पाडणाऱ्या आहेत.

पहिली जागा ब्राउझर. तुम्ही डायनॅमिक अ‍ॅक्शन लावता: नळांचा रकाना बदलला की पाण्याचा रकाना भरा, "सेट व्हॅल्यू". टाइप करताच समोर आकडा बदलतो. छान वाटतं, समितीला दाखवायला तर फारच छान. पण इथे चार भानगडी आहेत. एक, ब्राउझरमध्ये रकान्यातली किंमत अक्षरांच्या रूपात असते. १,८०० आणि ४०० ची बेरीज २,२०० न येता एक आठ शून्य शून्य चार शून्य शून्य, म्हणजे अठरा लाख चारशे येते. (हशा) हसू नका, असं बिल छापून नोटीस बोर्डावर लागू शकतं. आधी आकड्यात बदलून मग बेरीज करायची. दोन, एकूण रकमेचा रकाना तुम्ही "डिस्प्ले ओन्ली" ठेवता, म्हणजे कोणी हाताने बदलू नये. पण त्याच्या सेटिंगमध्ये "सेंड ऑन पेज सबमिट" बंद असेल तर ती किंमत सर्व्हरकडे जातच नाही. पडद्यावर ३,०००, टेबलात रिकामं. तीन, मग तुम्ही हुशारी करून लपवलेला रकाना वापरता. त्याला "व्हॅल्यू प्रोटेक्टेड" चालू असतं. ब्राउझरमधून त्याची किंमत बदलली की सबमिट करताना अ‍ॅपेक्स म्हणतं, सेशन स्टेट प्रोटेक्शन व्हायोलेशन. तो तक्रार करतोय ते बरोबरच आहे. बाहेरून कोणी आकडा बदलला असं त्याला वाटतं, आणि खरंच बाहेरून बदललेला असतो. लोक यावर उपाय म्हणून प्रोटेक्शन बंद करतात. बंद करण्याआधी विचार करा की कुलूप कशासाठी होतं. ब्राउझरमधला आकडा थोडंफार येणारा कोणीही माणूस बदलून पाठवू शकतो.

चौथी भानगड आजच्या विषयाच्या मधोमध आहे. डायनॅमिक अ‍ॅक्शनला "फायर ऑन इनिशियलायझेशन" असा एक पर्याय असतो. तो चालू असला की पान उघडताक्षणी हिशोब होतो, नवं बिल असो की जुनं. तुम्ही गेल्या वर्षीचं बिल फक्त फोन नंबर दुरुस्त करायला उघडलंत. तेवढ्यात आजच्या दराने रकमेचा रकाना भरला गेला. तुम्ही सेव्ह केलंत. इतिहास बदलला, आणि तुम्हाला कळलंही नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ब्राउझरमधली बेरीज दाखवण्यापुरती. साठवायचा आकडा तिथून घ्यायचा नाही.

दुसरी जागा पानाची प्रक्रिया. सबमिट झाल्यावर अ‍ॅपेक्स आधी "आफ्टर सबमिट" कॉम्प्युटेशन चालवतं, मग व्हॅलिडेशन, मग टेबलात लिहिणारी प्रोसेस. हा क्रम लक्षात ठेवला की निम्मे प्रश्न सुटतात. रक्कम आफ्टर सबमिटला काढली तर व्हॅलिडेशनला ती तपासता येते आणि टेबलात तीच जाते. इथे "डीफॉल्ट" आणि "कॉम्प्युटेशन" यांत गल्लत होते. डीफॉल्ट फक्त रकाना रिकामा असेल तेव्हा लागतं. कॉम्प्युटेशन अट घातली नाही तर दर वेळी चालतं. बिलाच्या तारखेला आजची तारीख डीफॉल्ट म्हणून द्या, ठीक आहे. तीच कॉम्प्युटेशन म्हणून दिलीत, तर जुनं बिल उघडून सेव्ह करणारा प्रत्येक माणूस त्याची तारीख आजची करत जाईल.

याच ठिकाणी रिकाम्या रकान्याचं भान ठेवा. गाडी नाही म्हणून पार्किंगचा रकाना कोणी रिकामा सोडला. डेटाबेसमध्ये रिकामा म्हणजे शून्य नव्हे. रिकामा म्हणजे माहीत नाही. १,८०० अधिक "माहीत नाही" किती? माहीत नाही! संपूर्ण बेरीज रिकामी येते. गाडी नसलेल्या लोकांना बिलच नाही असा आनंदाचा महिना एखाद्या सोसायटीत येऊन जातो. प्रत्येक रकान्याला, रिकामा असेल तर शून्य धर, असं सांगावं लागतं. ऑरॅकलमध्ये त्याला एनव्हीएल म्हणतात.

तिसरी जागा टेबलातला रकानाच. ऑरॅकलमध्ये २००७ च्या ११जी आवृत्तीपासून व्हर्च्युअल कॉलम आहेत. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून आणि पोस्टग्रेसमध्ये २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून हीच सोय जनरेटेड कॉलम या नावाने आहे. रक्कम म्हणजे नळ गुणिले दर, असं टेबलालाच सांगायचं. मग डेटा फॉर्ममधून येवो, एक्सेलमधून येवो, रक्कम चुकूच शकत नाही. बिलाच्या ओळीसाठी ही फार चांगली जागा आहे, कारण नळ आणि दर दोन्ही त्याच ओळीत आपण गोठवून ठेवले आहेत. पण मर्यादा ओळखा. व्हर्च्युअल कॉलमला फक्त स्वतःची ओळ दिसते. दुसऱ्या टेबलातला दर तो आणू शकत नाही. आजची तारीखही त्याला वापरता येत नाही, कारण तीच माहिती दिली तर उत्तर कायम तेच आलं पाहिजे ही त्याची अट असते. म्हणजे आजपर्यंतचं व्याज इथे बसत नाही. आणि अ‍ॅपेक्सच्या फॉर्मवर असा कॉलम घेतलात की सेव्ह करताना ओआरए-५४०१३ किंवा ५४०१७ ही चूक येते, म्हणजे या रकान्यात लिहायला मनाई आहे. घाबरू नका. त्या आयटमच्या सोर्समध्ये "क्वेरी ओन्ली" चालू करा. अ‍ॅपेक्स तो दाखवेल, लिहायला जाणार नाही.

चौथी जागा म्हणजे डेटाबेसमधली प्रोसिजर, म्हणजे लिहून ठेवलेली कृती. महिन्याची बिलं काढा असं एक बटण. ते दाबलं की एकाच व्यवहारात सगळ्या २४ फ्लॅटची बिलं तयार होतात: त्या दिवशी लागू असलेला दर शोधला जातो, ओळी लिहिल्या जातात. मध्येच वीज गेली तर एकही बिल निघत नाही, अर्धवट काही उरत नाही. दरांच्या टेबलात प्रत्येक दराला "केव्हापासून" अशी तारीख ठेवा. जुना दर खोडून नवा लिहायचा नाही, खाली नवी ओळ टाकायची. आणि बिल निघालं की त्याच्या ओळींवर ट्रिगर बसवा, जो बदल करूच देणार नाही. बिलात खरोखर चूक झाली असेल तर क्रेडिट नोट काढा. चोपडीच्या काळातला मुनीम खाडाखोड करत नसे, उलटी नोंद टाकत असे. तीच रीत.

आता व्याज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे प्रकरण सोसायटीच्या कार्यालयातून उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत जातं.

थकबाकीवर व्याज किती? सर्वसाधारण सभा ठरवेल तितकं, पण आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांच्या वर नाही, आणि ते सरळव्याज. चक्रवाढ नाही. आता सर्वसाधारण बिलाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. या महिन्याची आकारणी, मागील बाकी, व्याज, एकूण देय. फॉर्म्युला कोणालाही सुचेल असा: मागील बाकी गुणिले २१ भागिले १२००. दिसायला निर्दोष. पण मागील बाकी म्हणजे काय? गेल्या बिलातलं एकूण देय. त्यात गेल्या महिन्याचं व्याज आहेच. म्हणजे व्याजावर व्याज सुरू झालं, आणि कोणी तसं ठरवलं नव्हतं. रकान्याच्या रचनेने ते ठरवलं.

फरक किती पडतो? ३६,००० थकले आहेत, दोन वर्षं झाली, पुढची बिलं वेळेवर भरली आहेत असं धरू. सरळव्याजाने १५,१२०. महिन्याला पावणेदोन टक्के चक्रवाढ लागलं तर सुमारे १८,५९२. साधारण ३,४७२ रुपये जास्त. सोसायटी थकबाकी वसुलीसाठी उपनिबंधकांकडे अर्ज करते. पूर्वी तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली व्हायचा, आता गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे. वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जप्तीपर्यंत जाऊ शकणारा कागद आहे तो. त्या अर्जाला खातेउतारा जोडावा लागतो. थकबाकीदाराच्या वकिलाने कॅल्क्युलेटर काढला आणि चक्रवाढ दाखवली, की मूळ ३६,००० खरे असूनही सोसायटी बचावाच्या पवित्र्यात जाते.

उपाय फॉर्म्युल्यात नाही, टेबलात आहे. मुद्दल बाकी आणि व्याज बाकी हे दोन वेगळे रकाने ठेवा. व्याज नेहमी मुद्दलावर. पैसे आले की आधी व्याजात जमा करायचे की मुद्दलात, हे सभेने ठरवून लिहून ठेवायचं आणि प्रोसिजरमध्ये तसंच घालायचं. हा निर्णय प्रोग्रॅमरने रात्री अकरा वाजता घ्यायचा नाही.

व्याजाची आणखी एक गंमत म्हणजे ते दोन्ही ढिगांत असतं. आजपर्यंत झालेलं व्याज जिवंत, बिलात छापलेलं व्याज गोठलेलं. सभासदाने २८ तारखेला यूपीआयने पैसे पाठवले. खजिनदाराने बँकेचा उतारा ५ तारखेला पाहिला. मध्ये १ तारखेला बिलं निघाली आणि त्याला व्याज लागलं. आता पावतीवर २८ तारीख टाकलीत तर जिवंत व्याज आपोआप बरोबर होतं, छापलेलं व्याज मात्र तसंच राहतं. ते तसंच राहू द्या आणि पुढच्या बिलात तेवढ्याची क्रेडिट नोट दाखवा. सभासदाला कळतं की लागलं होतं, आणि परत मिळालं. गुपचूप जुनं बिल सुधारलंत तर त्याच्या हातातला कागद आणि तुमचा पडदा यांत कायमचं भांडण लागेल.

प्रश्न: राउंडिंगचं काय करायचं? आमच्याकडे दर महिन्याला दोन-तीन रुपये कमी पडतात.

हा प्रश्न यायलाच हवा होता. ४३,२५० भागिले २४ केलं तर १,८०२ रुपये आणि आठ पैसे येतात, पुढे संपतच नाही. प्रत्येकाला १,८०२ लावलं तर जमा होतात ४३,२४८. दोन रुपये कमी. दोन गोष्टी पाळा. पैसे पूर्ण करायचे ते ओळीत, आणि एकूण म्हणजे त्या पूर्ण केलेल्या ओळींचीच बेरीज. ओळी छापताना पूर्ण करायच्या आणि एकूण मात्र मूळ दशांशांवरून काढायचं, असं केलंत की बिलावरची बेरीज जुळत नाही. सभासद निवृत्त बँक कर्मचारी असेल तर तो तुम्हाला सोडणार नाही, आणि डोंबिवलीत प्रत्येक मजल्यावर एक असतो. (हशा) उरलेले दोन रुपये "राउंडिंग फरक" या खात्यात उघडपणे दाखवा. एखाद्या फ्लॅटमध्ये कोंबू नका.

प्रश्न: थकबाकी दर वेळी नव्याने काढली तर स्लो होणार नाही का?

किती फ्लॅट आहेत तुमच्याकडे? चारशे. चारशे फ्लॅटची दहा वर्षांची मासिक बिलं म्हणजे ४८,००० बिलं. प्रत्येकी सहा ओळी धरल्या तरी तीन लाखांच्या आत. एवढी बेरीज डेटाबेस आपण चष्मा पुसेपर्यंत करतो. एक व्ह्यू करा: बिलांची बेरीज वजा पावत्यांची आणि क्रेडिट नोटांची बेरीज, सभासदनिहाय. फॉर्म, रिपोर्ट, ना-देय प्रमाणपत्र, सगळे त्याच व्ह्यूकडे बोट दाखवतील. स्लो होईल या भीतीने आकडा साठवायचा निर्णय लाखो ग्राहकांची बिलं काढणाऱ्या वीज कंपनीने घ्यावा, आपण नको.

प्रश्न: आमचं जुनं सगळं एक्सेलमध्ये आहे. ते आणताना सगळं पुन्हा कॅल्क्युलेट करून घ्यायचं ना?

नाही. जुनी बिलं छापलेल्या रकमेसकट आणा, एक्सेलचा फॉर्म्युला काय म्हणतो ते बघू नका. एक्सेलमध्येही तीच अडचण आहे. वरच्या दराच्या खान्यात कोणी नवा आकडा टाकला असेल तर खालचे सगळे जुने महिने आधीच बदललेले असतील. म्हणून शक्य असेल तिथे कागदी बिलांच्या प्रतींवरून किंवा बँकेत जमा झालेल्या रकमांवरून ताडा. नवी प्रोसिजर बरोबर चालते का हे तपासायला मात्र जुना एक महिना घ्या, त्या महिन्याचे दर त्यांच्या तारखांसह घाला, बटण दाबा, आणि आलेली २४ बिलं जुन्या कागदांच्या शेजारी ठेवा. फरक निघाले तर आधी नळांचा रकाना तपासा. कोणीतरी बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी एक नळ वाढवलेला असतो आणि सोसायटीला कळवलेलं नसतं. (हशा) पुढच्या वेळी पावत्या आणि बँकेचा उतारा जुळवण्यावर बोलू. येताना तुमच्या सोसायटीचा एका महिन्याचा उतारा घेऊन या, नावं झाकून.